पीक अठरा महिन्यांचे, फर्मान एका रात्रीचे

२०२५ ची बलिप्रतिपदा. व्यापाऱ्यांचे नवे साल लागले. जयसिंगपूरच्या गल्ल्यागल्ल्यांतून मुहूर्तावर वह्या उघडल्या. हल्ली वहीशेजारी संगणकालाही हळदी-कुंकू लागते, एवढाच बदल. हे गाव मुळात व्यापारासाठीच वसलेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये, वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने, कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या काठाला आखीवरेखीव गल्ल्यांची ही पेठ उभी केली. शंभर वर्षांत इथल्या अडतदारांनी अनेक तेजी-मंदी पाहिल्या. त्या वर्षाची गोष्ट वेगळी एवढ्यासाठी, की शिरोळ तालुक्यातल्या साखरेच्या, सुताच्या आणि सोयाबीनच्या भावाचा विषय निघाला की बोलणे दोन वाक्यांत अमेरिका-चीनवर जाते. चहाच्या गाड्यावरही ‘टॅरिफ’ हा शब्द आता कुणी समजावून मागत नाही.

आधी मोठ्या वहीतले आकडे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारताने अमेरिकेला सुमारे साडेशहाऐंशी अब्ज डॉलरचा माल विकला आणि तिच्याकडून सव्वापंचेचाळीस अब्जांच्या आसपास घेतला. त्याच्या दहा वर्षे आधी आपली ही निर्यात चाळीस अब्जांच्या घरात होती, म्हणजे दशकात ती दुपटीच्या वर गेली. आपल्या एकूण निर्यातीतला जवळपास पाचवा हिस्सा त्या वर्षी एकट्या अमेरिकेला गेला. तिकडे जातात मोबाइल, औषधे, हिरे, तयार कपडे, यंत्रांचे सुटे भाग, कोळंबी. तिकडून येते खनिज तेल, कोळसा, विमाने, यंत्रसामग्री आणि दिवाळीच्या सुक्यामेव्याच्या डब्यातले कॅलिफोर्नियाचे बदाम. या व्यवहारात आपण सुमारे ४१ अब्ज डॉलरने ‘वर’ होतो. याच वर्षात चीनकडून मात्र आपण ११३ अब्जांचा माल घेतला आणि त्याला विकला जेमतेम सव्वाचौदा अब्जांचा. अमेरिकेत कमावलेली सगळी शिल्लक चीनच्या खात्यावर दोनदा टाकली तरी ती तूट भरत नाही.

‘वर’ असणे हाच वॉशिंग्टनच्या लेखी गुन्हा ठरला. २०२५ मध्ये ७ ऑगस्टपासून २५ टक्के जकात, आणि रशियन तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के. वीस दिवसांत पन्नास. ऑक्टोबरमध्ये सप्टेंबरचे आकडे आले: अमेरिकेला होणारी निर्यात आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपेक्षा बारा टक्क्यांच्या आसपास घटून साडेपाच अब्ज डॉलरवर आली. चीनला जाणारी निर्यात त्याच महिन्यात सुमारे एक तृतीयांशाने वाढली, पण मुळात ती इतकी थोडी की त्या वाढीने पोट भरत नाही. मोबाइल आणि औषधे या जकातीतून तेव्हा सुटली. ज्यात माणसांचे हात जास्त लागतात, ते कापड, कोळंबी, हिरे, गालिचे मात्र नेमके सापडले.

हे आपल्या तालुक्यात कसे पोचते ते यड्रावला जाऊन पाहावे. इचलकरंजीला खेटून असलेल्या तिथल्या औद्योगिक वसाहतीत साध्या मागांच्या खडखडाटाशेजारी बिनधोट्याचे माग चालतात. तिथला बहुतेक कारखानदार आयुष्यात कधी अमेरिकेला गज-दोन गज कापड पाठवत नाही. तो कोरे कापड विणतो, व्यापारी उचलतो, ते रंगायला-धुवायला बाहेरगावी जाते, पुढे कुणी शिवते, कुणी जहाजात भरते. त्यामुळे जकात वाढली हे त्याला सरकारी पत्राने कळत नाही. व्यापाऱ्याचा फोन येतो, ‘जरा थांबा, पुढून उचल नाही.’ मग गोदामात तागे साचतात, पेमेंटची मुदत महिन्यावरून दोन महिन्यांवर जाते आणि खर्चीवाल्याची, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्याची, मजुरी मीटरला प्रतिपीक (आडव्या धाग्यामागे) काही पैशांनी खाली येते. पैसे ऐकायला किरकोळ वाटतात. इंचाला पन्नास-साठ पीक, त्या प्रत्येकामागे मीटरला तेवढे पैसे आणि दिवसाचे शेकडो मीटर असा गुणाकार केला की महिन्याचा बँकेचा हप्ता त्यातूनच जातो हे दिसते.

एक मौज सांगण्यासारखी आहे. दिवाळीत चिनी माळा घेऊ नका, असे संदेश त्याही वर्षी मोबाइलवर फिरले. ज्यांनी ते फिरवले त्यांतल्या काहींच्या शेडमध्ये चिनी बनावटीचे बिनधोट्याचे रेपियर माग आहेत, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्रानेच दोन प्रकारच्या बिनधोट्याच्या मागांवरचे साडेसात टक्के आयातशुल्क शून्यावर आणले. विणणाऱ्याला माग स्वस्त मिळाला, देशात माग बनवणाऱ्याच्या पोटावर पाय आला. माळा तेवढ्या चिनी आणि माग स्वदेशी, असा हिशेब कुणाच्याच वहीत नाही.

कापसाचे प्रकरण याहून बोलके आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पाने परदेशी कापसावर ११ टक्के आयातशुल्क लावले. २०२५ मध्ये १९ ऑगस्टला ते उठवले, मुदत ३० सप्टेंबर. २७ तारखेला अमेरिकेची पन्नास टक्के जकात लागू झाली आणि दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्टला, दिल्लीने ही माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. सूतगिरण्यांना हायसे वाटले. सूत थोडे उतरले तर यड्रावलाही बरेच आहे, हे आम्ही लपवत नाही. पण ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे विदर्भ-मराठवाड्याच्या कापसाची बोंडे फुटण्याचे, वेचणीचे आणि बाजारात येण्याचे दिवस. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला मध्यम धाग्यासाठी ७,७१० आणि लांब धाग्यासाठी ८,११० रुपये जाहीर झालेला होता. तो जाहीर झाला, त्या भरवशावर जूनमध्ये सरकी टोबली गेली, आणि पीक घरात यायच्या तोंडावर परदेशी गाठींना दार उघडले. आमच्या तालुक्यात कापूस नाही म्हणून हे अन्याय्य नव्हते असे होत नाही.

बाहेरच्या घडामोडीने इथला भाव हलणे नवे नव्हे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५ या काळात, तिकडचा कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. धारवाडकडे त्याआधीच इंग्रजांनी अमेरिकन बियाणे आणून लावले होते. त्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले आणि १८६५ मध्ये मुंबईतल्या पेढ्या आणि कंपन्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळल्या. तेव्हा निदान कारण युद्ध होते. आता समाजमाध्यमावरची एक ओळ पुरते.

अमेरिका-चीन यांचे भांडण आपल्या सोयाबीनपर्यंत कसे येते, तेही पाहू. २०२४ मध्ये या दोन देशांत ५८० अब्ज डॉलरच्या वर मालाची देवघेव झाली. त्यात अमेरिकेने घेतले सुमारे ४३९ अब्जांचे आणि विकले १४३ अब्जांचे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या आयातीत चीनचा वाटा एकवीस टक्क्यांच्या वर होता, २०२४ मध्ये तो साडेतेरा टक्क्यांच्या आत आला. चीनने म्हणून कारखाने बंद केले नाहीत. त्याचा माल व्हिएतनामच्या, मेक्सिकोच्या वाटेने फिरू लागला. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेची जकात १४५ टक्क्यांवर गेली, मे महिन्यात जिनिव्हात तह झाला आणि ती तीसवर आली. चीनने उत्तर दिले ते शेतमालातून. अमेरिकन सोयाबीनचे तो सर्वांत मोठे गिऱ्हाईक, वर्षाला साडेबारा अब्ज डॉलरच्या आसपास. ऑक्टोबरमध्ये आलेल्या आकड्यांनुसार सप्टेंबरमध्ये त्याने अमेरिकेतून सोयाबीनचा एक दाणाही घेतला नाही. बहुतेक ब्राझीलकडून उचलले. तिकडे आयोवा-इलिनॉयमध्ये काढणी सुरू होती, सायलो भरले होते, आणि तिथल्या शेतकऱ्याला मते आहेत. अमेरिकेचे वाणिज्यमंत्री तेव्हा विचारत होते, १४० कोटींचा हा देश आमचा बुशेलभर मका का घेत नाही?

विचारायला काय जाते. अमेरिकेतले सरासरी शेत ४६३ एकरांचे आहे. महाराष्ट्रातले सव्वातीन एकरांचे, आणि शिरोळच्या नदीकाठी वाटण्या होऊन होऊन हिशेब गुंठ्यांवर आलेला. शिवाय तिकडचा मका आणि सोयाबीन जनुक बदललेले, आपल्याकडे त्याच्या आयातीला परवानगी नाही. अमेरिकेशी व्यापाराच्या वाटाघाटींत दिल्लीने २०२५ मध्ये शेती आणि दूध या दोन गोष्टींवर पाय रोवून धरला, त्याचे कौतुक करायला हवे.

पण सोयाबीनचा भाव पाडायला अमेरिकेची गरजच कुठे आहे? सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयातशुल्क लावले, बरे केले. २०२५ चा मे महिना संपता संपता, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, ते निम्म्यावर आणले, कारण तेल महागले होते. सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये. जयसिंगपूर असो की सांगली, त्या हंगामात बाजारातला दर त्याच्या बराच खाली राहिला, आणि ओलाव्याचे कारण सांगून होणारी कपात वेगळी. उसाच्या आधी किंवा सरीत आंतरपीक म्हणून सोयाबीन घेणारा आपला शेतकरी या पैशातून उसाच्या लागणीचा खर्च काढतो. तो पैसा आला नाही की सोसायटीचे कर्ज वाढते, इतका साधा संबंध आहे.

आता उसाचे. शिरोळ तालुक्यात दुसरे कोणतेही बोलणे शेवटी इथेच येते, आणि यायलाच हवे.

अमेरिका भारताकडून साखर घेते, हे अनेकांना ठाऊक नसते. सवलतीच्या शुल्कात घेण्याचा तिचा वर्षाचा कोटा ठरलेला आहे, सुमारे साडेआठ हजार टन. ऐकायला बरा वाटतो. रोज दहा हजार टन गाळणारा, बारा टक्के उतारा असलेला आपल्या भागातला एखादा मोठा कारखाना धरा. दिवसाला बाराशे टन साखर. अख्ख्या भारताचा अमेरिकेतला वर्षाचा कोटा हा एकटा कारखाना सात दिवसांत भरतो. मुक्त व्यापाराचे धडे देणारा तो देश स्वतःच्या ऊस आणि बीट उत्पादकांना असा जपतो. त्याबद्दल त्याला नावे ठेवण्यापेक्षा त्याचे हे कसब शिकण्यासारखे आहे: तिथला कोटा वर्षाच्या आधी ठरतो, देशवार वाटला जातो, आणि तिथल्या बीट पिकवणाऱ्याला हंगामाआधी माहीत असते की बाहेरून किमान किती येणार.

आपल्याकडे काय होते? २०२१-२२ च्या हंगामात भारताने सुमारे ११० लाख टन साखर निर्यात केली, आजवरचा उच्चांक. कारखान्यांनी बिले वेळेवर दिली, गावागावात ट्रॅक्टर आले. ते पाहून २०२२ च्या पावसाळ्यात ज्यांनी आडसाली लावली, त्यांनी पंधरा ते अठरा महिने ती जपली. उन्हाळी पाळ्यांचे पाणी, खत, भरणी, सगळे केले. तो ऊस तुटला २०२३-२४ च्या हंगामात. त्या हंगामात निर्यात बंद. पाऊस कमी झाला होता, निवडणूक जवळ आली होती, साखर महाग होऊ द्यायची नव्हती. नोव्हेंबर २०२३ मध्ये जागतिक बाजारात कच्ची साखर पौंडाला २८ सेंटच्या आसपास, बारा वर्षांतल्या उच्चांकावर होती, आणि भारताचे दार बंद होते. अमेरिकेच्या त्या साडेआठ हजारांच्या कोट्यासारखे किरकोळ अपवाद तेवढे राहिले. वर ७ डिसेंबर २०२३ रोजी, बॉयलर पेटून महिना झाल्यावर, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने मनाई आली. त्याच इथेनॉलसाठी केंद्राच्याच व्याजसवलतीवर कारखान्यांनी कर्जे काढून आसवन्या वाढवल्या होत्या. ती बंदी पुरती उठायला पुढच्या वर्षीचा ऑगस्ट उजाडला.

पुढे २० जानेवारी २०२५ रोजी, अर्धा हंगाम उलटल्यावर, दहा लाख टनांची परवानगी मिळाली. तोवर बाहेरचा भाव वरून उतरला होता आणि एवढा कोटाही पुरता गेला नाही. २०२५ च्या पाडव्याला तो पंधरा-सोळा सेंटच्या आसपास रेंगाळत होता. १ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्रात गाळप सुरू होणार होते. त्या हंगामात किती साखर बाहेर पाठवता येईल, याचा निर्णय पाडव्यापर्यंत झालेला नव्हता. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ पासून तोवर किलोला ३१ रुपयांवर थिजलेला, आणि एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) टनाला त्या वेळच्या २,७५० रुपयांवरून ३,५५० वर. दोन्हींतले अंतर कारखाना कर्ज काढून भरतो किंवा शेतकऱ्याच्या बिलातून.

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात जयसिंगपूरला ऊस परिषद झाली. दरवर्षी होते, गर्दीही होते, आणि पहिल्या उचलीचा, म्हणजे पहिल्या हप्त्याचा, आकडा हाच मथळा होतो. तो व्हावाच, त्या परिषदांनीच कारखानदारांना हिशेब द्यायला लावले. पण पहिली उचल द्यायला कारखान्याकडे पैसा कुठून येतो, याचे निम्मे उत्तर दिल्लीच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेत असते आणि तिच्याविरुद्ध घोषणा देताना आम्ही फारसे कुणाला ऐकले नाही.

चीनशी तालुक्याचा संबंध खतांच्या पोत्यांतून येतो. ठिबकवर ऊस, ढबू, टोमॅटो घेणाऱ्याला १९:१९:१९, ०:५२:३४ हे आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. ही विद्राव्य खते बहुतांशी चीनमधून येतात. २०२५ च्या उन्हाळ्यात चीनने ती रोखून धरली. दुकानात पोत्याचा भाव चढला आणि उधारी बंद झाली. ऑगस्टमध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत येऊन खते सोडण्याचे आश्वासन देऊन गेले. अमेरिका गिऱ्हाईक म्हणून हात आखडते, चीन दुकानदार म्हणून. अवलंबून राहण्याची किंमत दोन्हीकडे सारखीच मोजावी लागते, फक्त चीनबाबतीत आपण ती व्यापारतुटीच्या आकड्यात शोधतो आणि खतांच्या दुकानात विसरतो.

इथे कुणी म्हणेल, तुमचेही काही खरे नाही: साखरेची निर्यात मोकळी हवी, सोयाबीनची आयात बंद हवी, सुतासाठी कापूस मात्र स्वस्त हवा. आक्षेप बरोबर आहे. प्रत्येकाला आपले दार उघडे आणि शेजाऱ्याचे बंद हवे असते. ट्रम्प यांचे याहून निराळे काय चालले आहे? एकाच घरात एक भाऊ उसात, एक मागावर आणि तिसरा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, ही आपल्याकडची नेहमीची मांडणी. त्या घरात आयातशुल्काच्या एकाच बातमीने एक जण हसतो आणि दुसरा गप्प होतो. म्हणून शुल्क किती असावे यावर आम्ही आज हट्ट धरत नाही. दहा असो, वीस असो. ते केव्हा सांगणार, हा प्रश्न आहे.

आणि सरकारला आधी सांगता येते, याचा पुरावा सरकारनेच दिला आहे. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३० एप्रिल २०२५ लाच मंजूर केली, गाळपाच्या सहा महिने आधी. म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला काय द्यायचे, ते सहा महिने आधी ठरते. ते देण्यासाठी त्याने माल कुठे विकायचा, ते हंगाम निम्मा झाल्यावर. एकाच उसाच्या दोन टोकांना अशी दोन घड्याळे लावण्याचे कारण आजवर कुणी सांगितलेले नाही. पावसाचा अंदाज आधी येत नाही, हे खरे. मग निर्यातीचा किमान कोटा तरी एफआरपीबरोबर जाहीर करावा, आणि साठा पाहून वरचा भाग जानेवारीत द्यावा. कमी करायचा तर पुढच्या हंगामापासून. कापूस आणि तेलबियांबाबतही तेच: हमीभाव जाहीर झाल्यापासून ते पीक बाजारात येऊन संपेपर्यंत त्या मालाचे आयातशुल्क खाली आणायचे नाही.

वॉशिंग्टनने रात्रीत जकात वाढवली तर आपण ओरडू शकतो, थांबवू शकत नाही. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ट्रम्प आणि शी जिनपिंग दक्षिण कोरियात भेटणार होते. १ नोव्हेंबरपासून चीनवर आणखी शंभर टक्के लावण्याची धमकी तोवर उभी होती. तिथे काय ठरते त्यावर शिरोळचा इलाज नव्हता. दिल्लीची अधिसूचना मात्र आपल्याच खासदारांच्या गावात निघते. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठाने लावलेली आडसाली तोडीला येते ती २०२६ च्या नोव्हेंबरनंतर. एफआरपी ज्या कागदावर ठरते, त्याच कागदावर निर्यातीचा आकडाही यावा ही मागणी कोल्हापूर जिल्ह्यातल्या दोन्ही खासदारांनी, कारखान्यांच्या अध्यक्षांनी आणि शेतकरी संघटनांनी लेखी मांडायला हवी.